मोदक बघून शिकायचा की वाचून?

(ओट्यावर उकड, शेजारी वही)

नमस्कार. उकडीचे मोदक पहिल्यांदाच करताय, तर व्हिडिओ लावायचा की कृती वाचायची? दोन्ही. पण दोघांची कामं वेगळी आहेत.

मापं वाचूनच घ्या. वाटीभर तांदळाच्या पिठीला वाटीभर पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळायची, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ काढायची. व्हिडिओत हे बोलण्याच्या ओघात एकदाच येतं. तुम्ही नारळ खवायला वळलात की सुटलं. आणि वाचताना डोळा सलग पुढे सरकत नाही, छोट्या उड्या मारत जातो. साधारण दहा उड्यांतली एखादी तो मागे घेतो, निसटलेला शब्द पुन्हा टिपतो, आपल्याला कळतही नाही. व्हिडिओत मागे जायला बोट लावावं लागतं, आणि इथे बोटं पिठाने माखलेली!

कळ्या मात्र वाचून येत नाहीत. ‘चिमटीत धरून कळी काढावी’ हे वाक्य कितीही वाचा, दुसरा हात पारी किती फिरवतो ते त्यात नसतंच. इथे व्हिडिओच हवा. एकदा सलग बघा. मग कळ्यांचा तेवढाच तुकडा, आवाज बंद, वेग निम्मा. पहिल्यांदा फक्त चिमटीकडे बघा, दुसऱ्यांदा फक्त पारी धरलेल्या हाताकडे. कंप्युटरवर यूट्यूब थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे जातं, स्वल्पविरामाने मागे.

आता फोन बाजूला ठेवा आणि एक मोदक वळा. ही पायरी गाळू नका. सराईत हात बघताना आपल्यालाही जमेल असं वाटतं, पण ते बघण्यापुरतंच असतं. वाचनातही हेच होतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवणाऱ्यांच्या लक्षात सुमारे 61 टक्के राहिलं, वाचणाऱ्यांच्या 40. म्हणून मापंसुद्धा वही मिटून एकदा लिहून बघा.

पारी कडेला चिरली, तर उकड गार झाली किंवा मळणं कमी पडलं. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, उरलेली ओल्या फडक्याखाली ठेवा. कळ्या बसल्या, तर उकड सैल. हा मऊपणा पडद्यावर दिसत नाही, कागदावरही नाही. तो बोटांनीच ओळखायचा. नव्या तांदळाच्या पिठीला पाणी थोडं कमी लागतं.

मोदक दहा-बारा मिनिटं वाफेवर असतात. तेवढ्यात वहीत टिपून ठेवा: पिठी कोणती, पाणी किती लागलं, पारी कुठे चिरली.