झाडांची हजेरी

नमस्कार मंडळी. जून जवळ आला की कंपन्यांमध्ये मेल फिरायला लागतात, शनिवारी सकाळी सहाला बस, टोपी आणि टीशर्ट मिळेल, आपण झाडं लावायला जातोय. तुमच्यातले बरेच जण जाऊनही आले असतील. आठवडाभर हिंजवडीत नाहीतर खराडीत एसीत बसणाऱ्या माणसाच्या हाताला माती लागते हे मला खरंच फार आवडतं. पण आज एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी परत परत सांगणार आहे. रोपाला तुमची गरज लावायच्या दिवशी कमी असते, फेब्रुवारी ते मे जास्त असते. पहिले तीन उन्हाळे. लक्षात ठेवा, पहिले तीन उन्हाळे.

बऱ्याच कंपन्या ५ जून, पर्यावरण दिन, ही तारीख धरतात. आता पुण्यात पाऊस येतो साधारण १० जूनच्या आसपास, मग तो जमिनीत मुरायला अजून वेळ, म्हणजे ५ तारखेला आपण रोप कोरड्या खड्ड्यात ठेवून घरी जातो. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी झाडं लावायचा वनमहोत्सव सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ते काय उगाच नाही.

तर गोष्ट सांगतो. मुळशीच्या बाजूला एका गावाची टेकडी आहे, आमचा ग्रुप तिथे काम करतो. एका आयटी कंपनीने तिथे पावसाळ्यात झाडं लावली, करंज, बहावा, आवळा, आपटा, सगळी आपली. शेकड्याने माणसं आली होती, उत्साह खूप. पुढच्या मे महिन्यात परत मेल आला की यंदाही त्याच टेकडीवर तेवढीच झाडं लावायची. तेव्हा त्यांच्या अकाउंट्समधल्या एक बाई होत्या, त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, गेल्या वर्षीची किती जिवंत आहेत? कोणालाच सांगता येईना. बाई म्हणाल्या, आपण गोडाऊनमधला माल मोजल्याशिवाय नवीन ऑर्डर देत नाही, मग इथे कशी देतोय?

आणि त्या खरंच आल्या हो मोजायला. भर मे महिन्यात, रविवारी सकाळी, बरोबर मुलगा, ऑफिसमधले दोघं, हातात रजिस्टर आणि पिशवीत पत्र्याचे नंबर टाकलेले बिल्ले. गावातले एक तात्या तिथे गुरं चारायचे ते सोबत फिरले. बाई एकेका खड्ड्यापाशी थांबायच्या, वाळकी काडी दिसली की रजिस्टरमध्ये फुली. तात्या म्हणाले, थांबा ताई, लगेच मारू नका त्याला. त्यांनी नखाने खोडाची साल जराशी खरवडली, आत हिरवंगार. "ह्ये मेलं न्हाई, पाऊस पडला की फुटंल." त्यानंतर बाईंनी प्रत्येक काडी खरवडून बघितली, मुलाने पण, आणि फुल्या मारलेल्या खड्ड्यांकडे त्या परत चढून गेल्या.

तरी जवळजवळ निम्मी गेलेली निघाली. प्रत्येकापुढे कारण लिहिलं. शेळीने खाल्लं. पाणी नाही. काही ठिकाणी काळी पिशवी न फाडताच रोप पुरलेलं, मुळं आतल्या आत गुंडाळलेली. पण सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलं ते वणवा. फेब्रुवारीत टेकडी पेटली होती. आणि गंमत बघा, मधोमध एक पट्टा होता तिथली झाडं चांगली कमरेएवढी. का? तर तात्यांनी त्यांच्या म्हशीसाठी तिथलं गवत दिवाळीनंतर कापून नेलं होतं. गवतच नाही तर आग आत येणार कशावरून! बाई त्या पट्ट्यात बराच वेळ उभ्या होत्या.

मग त्यांनी ते रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, यंदा नवीन झाडं नकोत. मेलेल्यांच्या जागी नांग्या भरू, बस. टीशर्ट, बॅनर रद्द. तो पैसा गावातल्या दोन माणसांना वर्षभर मजुरी आणि उन्हाळ्यात टँकर. आणि कर्मचाऱ्यांनी यायचं दिवाळीनंतर गवत कापायला, जानेवारीत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला, एप्रिलमध्ये पाणी घालायला. बस अर्धी रिकामी जायला लागली हे खरंय, पण जे आले ते परत परत आले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्यांना आपापल्या झाडाचा नंबर पाठ होता.

जाता जाता, टेकडीवर ती प्लॅस्टिकच्या डब्यातली सँडविच कृपा करून नेऊ नका. गावातल्या बचत गटाला आधी सांगा, गरम पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळतो, गावात चार पैसे जातात, आणि गाव आपलं झालं की झाडाकडे लक्ष ठेवायला माणूस आपोआप मिळतो. 

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, कायदा २०१३ चा, मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, त्यामुळे पैसा आहे. आकड्यांची हौस पण आपल्याकडे दांडगी, २०१६ ला राज्यात एका दिवसात २ कोटींचं लक्ष्य होतं, २०१९ ला पावसाळ्याच्या तीन महिन्यांत ३३ कोटींचं. मी म्हणतो लावलेल्यांचा आकडा नको, तीन उन्हाळ्यांनंतर जिवंत किती तो सांगा.

बाकी तुम्हाला माहितीच आहे, खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवा, पिशवी फाडून काढा, बुंध्याशी पालापाचोळा टाका. सहा फुटी रोपांचा हट्ट नको, छोटं रोप मूळ लवकर धरतं. आणि गुलमोहर, गिरिपुष्प टेकडीवर नको, ती बाहेरची, आपल्याकडे ऐन, हिरडा, बेहडा, उंबर असताना कशाला?

तर उद्या ऑफिसात गेलात की एचआरला जुलैबरोबर जानेवारीची आणि एप्रिलचीही तारीख मागा. आणि टेकडीवर कुठे धूर दिसला तर व्हिडिओ काढत बसू नका, वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट नंबर आहे, १९२६. परत सांगतो, एक नऊ दोन सहा. नमस्कार.