सतरा म्हणजे सतराच का?

श्रोतेहो, नमस्कार.

सायकलच्या चाकात हवा आहे की नाही, हे आपण अंगठ्यानं दाबून बघतो. टायर जाड असेल तर कडक लागतो, झिजून पातळ झालेला असेल तर तेवढीच हवा असूनही मऊ लागतो. डोळ्याचं प्रेशर मोजणं पुष्कळसं असंच आहे. डोळ्याच्या आत कुणी जात नाही, बाहेरून दाबूनच अंदाज घ्यायचा.

पिवळा थेंब टाकून निळ्या दिव्यासमोर हनुवटी टेकवायला सांगतात ना, ती पद्धत स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे डॉक्टर हान्स गोल्डमान यांनी 1950च्या दशकात बसवली. पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, 3.06 मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागतो, तेवढंच ते यंत्र मोजतं. 10 ते 21 हा नेहमीचा आकडा. पण त्या हिशेबात पारपटल साधारण अर्धा मिलिमीटर जाड धरलंय.

आणि लेसरनं चष्म्याचा मायनस नंबर घालवताना नेमकं तेच तासलं जातं. एका नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). सहा नंबर म्हणजे 80च्या आसपास गेले. आतला दाब होता तेवढाच, यंत्राला मात्र टायर मऊ लागतो. हवेची फुंकर मारणारं मशीनही असंच फसतं.

माझ्याकडे एक बेचाळिशीच्या ताई आल्या. "डॉक्टर, प्रेशर सतरा आहे, नॉर्मल ना?" लेसरनं नंबर घालवल्याचं त्यांनी सांगितलंच नव्हतं. लग्नाआधीची गोष्ट, आता चष्मा नाही, मग सांगायचं काय! सहज विचारलं म्हणून कळलं. जुनी फाइल माहेरी, कपाटाच्या वरच्या खणात. भावानं फोटो पाठवला: तेव्हाची जाडी 528 मायक्रॉन, नंबर सहा. आज मोजली तर 441.

मग सतराचे खरे किती? वजाबाकी करून देणारी सूत्रं आहेत, पण माझा त्यांच्यावर फारसा भरवसा नाही. पारपटल नुसतं पातळ होत नाही, त्याचा ताठपणा आणि गोलाईही बदलते. जाडीवर कमी अवलंबून असणारी यंत्रं निघाली आहेत, पण ती गावोगाव नाहीत. म्हणून मी आकडा बाजूला ठेवून डोळ्याची नस बघतो, तिचं स्कॅनिंग आणि नजरेच्या परिघाची तपासणी करतो. त्यातही गोम आहे: मोठा मायनस नंबर असलेल्यांची नस मुळातच जरा तिरकी दिसते आणि काचबिंदूचा, म्हणजे ही नस हळूहळू झिजण्याच्या आजाराचा, धोकाही त्यांनाच जास्त. लेसरनं नंबर गेला तरी लांबट डोळा लांबटच राहतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणखी एक फसगत होते. स्टिरॉइडच्या थेंबांनी काहींचं प्रेशर चढतं आणि लॅसिक या लेसर ऑपरेशनात पारपटलाचा जो पापुद्रा उचलतात, त्याखाली पाणी साचतं. मग मधोमध मोजलं की आकडा उलट कमीच येतो. अंधूक दिसतं म्हणून कुणी तेच थेंब वाढवले, तर प्रेशर आणखी चढतं. तेव्हा हे थेंब मनानं सुरू ठेवू नका.

लेसरनं नंबर घालवायचा विचार असेल, तर आधीची जाडी, आधीचं प्रेशर आणि आधीचा नंबर, तिन्ही कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कुठेही डोळे दाखवताना पहिलं वाक्य "माझं लेसर झालंय" हे असू द्या.

त्या ताईंच्या डाव्या डोळ्याची नस खालच्या काठाला झिजलेली निघाली, नजरेच्या तपासणीतही वरच्या बाजूला डाग दिसला. सतरा आकडा असतानाच आम्ही प्रेशर उतरवायचे थेंब सुरू केले.