काळा डोह आणि कुडाचा उतार

मंडळी, डब्लिनकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या पाट्यांवर दोन नावं असतात. एक डब्लिन, दुसरं 'बाल्ये आहा क्लीअ'. पहिलं इंग्रजी आणि दुसरं त्याचा आयरिश अवतार, अशी पाहुण्याची समजूत होते. माझीही झाली होती. खरी गंमत अशी, की दोन्ही नावं आयरिशच आहेत आणि एक दुसऱ्याचं भाषांतर मुळीच नाही.

'डुव्ह' म्हणजे काळा, 'लिन' म्हणजे डोह. पॉडल नावाची छोटी नदी शहरातल्या मोठ्या लिफी नदीला मिळायची, तिथे हा डोह होता. दुसऱ्या नावातला 'आह' म्हणजे नदीचा उतार, पायी पार करण्याची जागा. आणि 'क्लीअ' म्हणजे फोकांची विणलेली ताटी. कोकणातल्या घराचा कुड आठवा. कारवीच्या काठ्या विणून तो करतात, तसलंच काहीतरी चिखलात अंथरून लिफी ओलांडली जायची. 'बाल्ये', म्हणजे गाव, हे मागाहून जोडलेलं. आयर्लंडमध्ये 'बॅली'ने सुरू होणारी हजारो नावं आहेत, त्यांतली बहुतेक या 'बाल्ये'चीच लेकरं.

म्हणजे एकाच नदीकडे दोन प्रकारांनी पाहिलेलं आहे. पायवाटेनं येणाऱ्याला पाणी कुठे उथळ ते हवं. नावाड्याला खोल, निवांत पाणी हवं. इसवी सन 841मध्ये व्हायकिंगांनी इथे तळ ठोकला, ते नावाडी. त्यांनी डोहाचं नाव उचललं आणि आपल्या जिभेवर 'डिव्लिन' केलं. मूळच्या 'डुव्ह'मधला 'व्ह' त्यात शाबूत आहे. आजच्या 'डब्लिन'मध्ये त्याचा 'ब' झाला. वेल्समधले लोक या शहराला अजून 'डिलिन' म्हणतात, आणि त्यांच्याही भाषेत त्याचा अर्थ काळं तळंच लागतो.

एक तिसरी व्युत्पत्तीही आहे. प्राचीन भूगोलकार टॉलेमीनं दुसऱ्या शतकात आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर 'एब्लाना' नावाचं ठिकाण नोंदवलं. त्याच्या आरंभीचा 'ड' लेखनिकाच्या हातून गळला, मूळ शब्द 'डेब्लाना', असं म्हणून काहींनी शहराचं वय थेट दुसऱ्या शतकापर्यंत नेलं. मला हे पटत नाही. गळालेलं अक्षर आपणच भरायचं आणि मग त्यालाच पुरावा म्हणायचं, हा उद्योग आपल्याकडच्या स्थलपुराणांतही भरपूर चालतो. आज बहुतेक अभ्यासकही ही जोडणी मानत नाहीत.

आता तो डोह बघायला जाल, तर डब्लिन कॅसलच्या मागे गोल हिरवळ दिसेल. डोह बुजला. पॉडल मात्र वाहते आहे, रस्त्यांखालून, बंदिस्त. ओहोटीच्या वेळी 'वेलिंग्टन की' नावाच्या धक्क्यासमोर उभे राहा. भिंतीत जाळी लावलेलं एक तोंड दिसेल, तिथून ती लिफीत उतरते.