टुकमकॅरीतील मुक्काम

टेक्सासची सीमा ओलांडून रूट ६६ ने न्यू मेक्सिकोत शिरले, की रखरखीत माळावर पहिले मोठे गाव लागते ते टुकमकॅरी. शिकागोहून कॅलिफोर्नियातील सँटा मोनिकापर्यंत जाणारा, सुमारे ३,९०० किलोमीटर लांबीचा हा महामार्ग १९२६ मध्ये अस्तित्वात आला. पुढच्या दशकात धुळीच्या वादळांनी शेती बुडालेली कुटुंबे याच रस्त्याने पश्चिमेकडे गेली आणि महायुद्धानंतर सुट्टीला निघालेल्यांची त्यावर रीघ लागली.

१९३९ मध्ये बांधलेले येथील ‘ब्लू स्वॅलो’ हे गुलाबी भिंतींचे मोटेल आजही चालू आहे. खोलीला लागूनच गाडीसाठी स्वतंत्र गॅरेज आहे. दिवसभर उन्हात तापलेली, सामानाने खच्चून भरलेली मोटार रात्री डोळ्यांआड ठेवावी लागू नये, एवढा बारीक विचार त्या बांधणीत केलेला दिसतो. अंधार पडला, की दर्शनी फलकावर निऑनची निळी भिंगरी, म्हणजे मोटेलच्या नावातला ‘स्वॅलो’ पक्षी, उजळते. तिच्याखाली ‘शंभर टक्के रेफ्रिजरेटेड हवा’ असे आश्वासन आहे. वाळवंट तुडवून आलेल्या माणसाला त्या काळी याहून मोठे आमिष कोणते असणार?

१९५८ मध्ये लिलियन रेडमन यांना हे मोटेल वाङ्‌निश्चयाची भेट म्हणून मिळाले आणि त्यांनी ते सुमारे चार दशके सांभाळले. खिशात पैसे नसलेल्या वाटसरूलाही त्या खोली देत असत. हे आवर्जून सांगायला हवे, कारण याच महामार्गावरील कित्येक मोटेलांनी कृष्णवर्णीय प्रवाशांना दारातूनच परत पाठवले होते. आपल्याला कोठे थारा मिळेल, हे पाहण्यासाठी त्यांना वेगळी मार्गदर्शिका जवळ बाळगावी लागे.

१९८१ मध्ये आंतरराज्य महामार्ग ४० गावाला वळसा घालून गेला, वाहतूक तिकडे वळली आणि १९८५ मध्ये रूट ६६ अधिकृत यादीतून वगळण्यात आला. पडत्या काळात या रस्त्यावरची अनेक मोटेले गुजराती कुटुंबांनी विकत घेतली आणि तेथेच राहून, घरच्या माणसांच्या कष्टांवर चालवली. ब्लू स्वॅलोची नोंद १९९३ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. तरीही फुटलेली निऑनची नळी बदलणे आणि भिंतींना रंग काढणे हे खर्च मुख्यतः ज्याच्या त्या मालकालाच उचलावे लागतात, आणि त्याचा मुख्य आधार म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचे भाडे.