सॉक्रेटिसचा तुरुंग आणि काळारामाचं दार

मंडळी, तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला समज आहे. नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, आता मनःशांतीसाठी थोडं तत्त्वज्ञान वाचू. मनःशांतीच हवी असेल तर पहाटे गोदाकाठी एक फेरी मारा, ते जास्त खात्रीचं आहे. तत्त्वज्ञान शिकायला बसलं की उलट आधी पटलेल्या गोष्टी सुटायला लागतात. ज्यांना हे चालणार असेल त्यांच्यासाठी आज बोलतो.

घरबसल्या शिक्षणाचं अप्रूप नाशिककरांना सांगायची गरज नाही. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे. सातपूर-अंबडला पाळ्या करून, द्राक्षबाग सांभाळून पदवी घेतलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या नात्यागोत्यात सापडेल. इंटरनेटवरचे वर्ग त्यामानाने अलीकडचे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपलं शिकवण्याचं साहित्य जगाला खुलं करायचं जाहीर केलं ते २००१ मध्ये. स्कॉटलंडच्या एडिंबरो विद्यापीठाने कोर्सेरा या ऑनलाइन वर्गांच्या संकेतस्थळावर तत्त्वज्ञानाचा प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला २०१३ मध्ये. आपल्याकडे एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, आणि २०१७ पासून केंद्र सरकारचं ‘स्वयम’ आहे. तिथे शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरावं लागतं. माझा सल्ला, पहिल्या खेपेला प्रमाणपत्राच्या नादी लागू नका. ते भिंतीवर लागतं आणि पुस्तक कपाटात जातं.

एडिंबरोच्या अभ्यासक्रमाची एक गोष्ट मला मनापासून आवडली. तो सनावळ्या लावत बसत नाही. आधी थेलीस, मग प्लेटो, मग अ‍ॅरिस्टॉटल अशी वरात निघत नाही. तो प्रश्नांनी चालतो. मला अमुक माहीत आहे, असं केव्हा म्हणता येतं? चांगलं-वाईट हे माणसागणिक बदलतं का? ऐकलेलं खरं मानावं का? कायदा पाळायला आपण बांधील आहोत का? प्रश्न असे उघड्यावर ठेवले की अधिकार कुणाचाच उरत नाही, प्राध्यापकाचासुद्धा. मग आपण आपल्या गावचा माल त्यात घालू शकतो. आणि माझं म्हणणं असं की तो घातल्याशिवाय हा अभ्यास होतच नाही.

ऐकलेलं खरं मानावं का, हाच प्रश्न घ्या. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांबद्दल लिहिताना एक कसोटी सांगितली. सांगणाऱ्याची साक्ष खोटी असणं हाच जर त्या चमत्कारापेक्षा मोठा चमत्कार ठरणार असेल, तरच त्यावर विश्वास ठेवा. त्याच्याच देशाचा थॉमस रीड म्हणतो, असं प्रत्येक वाक्य तोलून घ्यायला माणूस बनलेलाच नाही. लहान मूल आधी विश्वास ठेवतं, शंका घ्यायला नंतर शिकतं. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे. पण तिथे थांबू नका, आपल्याकडचं न्यायदर्शन उघडा. आप्ताचं म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं हे शब्दप्रमाण, म्हणजे ज्ञानाचं एक साधन, असं गौतमाचं सूत्र आहे. त्यावर भाष्य करणारा वात्स्यायन (हा न्यायभाष्याचा, कामसूत्राचा म्हणून कान टवकारू नका) आप्त कोण ते सांगतो. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळलेली आहे आणि जशी कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. पुढे तो जे म्हणतो ते तर कमालीचं आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू! म्हणजे विश्वासार्हता कुळावर ठरत नाही. आता लासलगावला उद्या कांदा कोसळणार, असा निरोप मोबाइलवर येतो, तेव्हा विचारायचं एवढंच: हा स्वतः बाजार समितीत उभा होता का, आणि खरं सांगण्यात याला रस आहे की माझा माल आज स्वस्तात उचलण्यात?

पण आज मला जास्त बोलायचंय ते कायद्याबद्दल. प्लेटोचा ‘क्रिटो’ नावाचा छोटा संवाद आहे, तासाभरात वाचून होतो. सॉक्रेटिसला मृत्युदंड झालेला आहे. मित्र क्रिटो पहाटे तुरुंगात येतो आणि पळून चल म्हणतो, पैशांची सोय झालीय. सॉक्रेटिस नकार देतो. तो कल्पना करतो की अथेन्सचे कायदेच समोर उभे राहून त्याला जाब विचारताहेत. आम्ही तुला वाढवलं. आमचं चुकत असेल तर आम्हाला पटवून द्यायची तुला मुभा होती. तेही नको असेल तर बाडबिस्तरा घेऊन शहर सोडायची मोकळीक होती. तू सत्तर वर्षं इथेच राहिलास, म्हणजे आम्ही तुला मान्य होतो.

ह्यूमने याच तऱ्हेच्या युक्तिवादाला हरकत घेतली. तो विचारतो, ज्या गरीब शेतकऱ्याला परकी भाषा येत नाही, जो रोजच्या कमाईवर जगतो, त्याला देश सोडायची खरीच मोकळीक आहे का? झोपेत जहाजावर उचलून आणलेला माणूस समुद्रात उडी टाकत नाही, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली म्हणायचं का?

आता पंचवटीत या. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, इथली बांधणी दादासाहेब गायकवाडांची. मंदिराची दारं बंद करून घेतली गेली. इथे कायदा म्हणजे आधी रूढी, आणि तिच्या पाठीशी सरकारी बंदोबस्त. पुढची काही वर्षं हा लढा चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्माला येणं माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

‘क्रिटो’ वाचून हा क्रम पुन्हा पाहा. पटवून दे, नाहीतर निघून जा, असं कायदे म्हणाले होते. काळाराम हे पटवून देणं, येवला हे निघून जाण्याची घोषणा. वाटतं की सॉक्रेटिसच्या कायद्यांनी आखलेली वाटच चालली गेली. पण ह्यूमचा शेतकरी मध्ये उभा राहतोच. येवल्यापासून नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेपर्यंत एकवीस वर्षं गेली. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या अमेरिकी तत्त्वज्ञाच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला जिथून बाहेर पडायला एवढा काळ लागतो, तिथे गावकुसाबाहेरच्या भूमिहीन माणसाची ‘संमती’ कसली धरायची? माझं मत विचाराल तर इथे ह्यूम जिंकतो. राहिला म्हणजे मान्य केलं, हे म्हणायचा अधिकार त्यालाच, ज्याने जाणाऱ्याची वाट अडवलेली नाही. यावर सॉक्रेटिसच्या बाजूने उत्तर देता येतं, बरं का. समोरच्या रांगेत दोन वकीलसाहेब अस्वस्थ झालेले मला दिसताहेत, त्यांना नंतर बोलू देऊ.

शिकायचं कसं, ते थोडक्यात. व्हिडिओ दीडपट वेगाने पाहू नका. तो निवडणुकीचा निकाल नाही. व्याख्याता ‘म्हणून’ म्हणाला की थांबवा. वहीत वर त्याने गृहीत धरलेल्या गोष्टी एकाखाली एक लिहा, खाली निष्कर्ष. मग वरच्यातलं कुठलं वाक्य नाकारलं तर निष्कर्ष पडतो ते शोधा. ‘क्रिटो’चा युक्तिवाद असा मांडला की बहुतेकांचं बोट ‘जायची मोकळीक होती’ या ओळीवर येतं. इंग्रजी जड जात असेल तर व्हिडिओखालच्या ओळी (सबटायटल्स) चालू ठेवा आणि नुसती संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश बघा, तोही इंटरनेटवर फुकट आहे.

या कोर्सची खरी उणीव वेगळी आहे. धड्याशेवटचे चार पर्याय तुम्हाला आठवतंय का ते तपासतात, तुमचा युक्तिवाद लंगडा आहे हे सांगत नाहीत. ‘हे कशावरून?’ असं विचारणारं माणूस समोर लागतं. घरात नवरा-बायकोने मिळून केला तर उत्तम, तिथे हरकतींची टंचाई नसते. नाहीतर वाचनालयात तिघं-चौघं बसा, आठवड्याला एकच धडा, आणि दर वेळी एकाने आपल्याला न पटणारी बाजू मांडायची. सुरुवात ‘क्रिटो’पासून करा. एडिंबरोच्या अभ्यासक्रमातला काळप्रवासाचा धडा शेवटी ठेवा, तो मजेचा आहे. नातवंडांनाही बसवता येईल. आता वकीलसाहेब, बोला.