टाके निघाल्यानंतर फुटणारी जखम

[दृश्य : बेंबीजवळचा छोटा व्रण, अगदी जवळून]

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आठ-दहा दिवसांनी टाके निघाले, जखम कोरडी. मग तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. ताप नाही, दुखणंही बेताचंच. हळूहळू कातडी काळपट-जांभळी होते, गाठ फुटते, पातळ पांढुरका स्राव येतो. नेहमीच्या अँटिबायोटिकनं जखम वरवर मिटते आणि शेजारून पुन्हा फुटते.

साधा पू सहसा पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत होतो. इतक्या उशिरा आलेल्या गाठीत क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊ शोधावे लागतात : मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, किलोनी, अ‍ॅब्सेसस. मातीत राहतात, नळाच्या पाण्यातही.

[दृश्य : सुटा केलेला ग्रास्पर, जबड्याच्या सांध्यात सुकलेलं रक्त]

ग्रास्पर म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतला लांब दांडीचा चिमटा. त्याच्या दांडीवर प्लास्टिकचं आवरण असतं. भाग सुटे न करता धुतलं, तर आत रक्त आणि मांसाचे कण राहतात, त्यावर जंतूंचा चिकट थर बसतो. दोन केसच्या मध्ये घाई असली की उपकरणं 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात 20 मिनिटं बुडवतात. पूर्ण निर्जंतुक व्हायला त्यात 8 ते 10 तास लागतात, तेही उपकरण आधी स्वच्छ असेल तर. पुढचा घोळ खळबळण्यात. पाणी नळाचं, किंवा उकळून उघड्या पातेल्यात ठेवलेलं असलं, की धुतलेल्या उपकरणावर जंतू परत चढतात. ब्राझीलच्या रिओ दि जानेरोत 2006-07 मध्ये हजाराहून जास्त संशयित रुग्ण निघाले. तिथल्या जंतूला 2 टक्के द्रावणानं काहीच होत नव्हतं. म्हणून जे ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) सोसतं ते ऑटोक्लेव्हमध्येच जावं, उरलेलं ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्माच्या निर्जंतुकीकरण यंत्रात.

तपासणीला नुसता स्वॅब पुरत नाही. गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मवर संशय स्पष्ट लिहा, नाहीतर कल्चरची प्लेट (जंतू वाढवायची बशी) 48 तासांत फेकली जाते आणि ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट येतो. किलोनी 30 अंशांच्या आसपास चांगला वाढतो. फक्त 37 अंशांवर ठेवलेल्या प्लेटवर तो हुकू शकतो. स्लाइडवर आम्लरोधी (क्षयाच्या कुळातले) जंतू दिसले म्हणून लगेच क्षयाचं नेहमीचं औषध सुरू करू नये, या जंतूंवर ते सहसा चालत नाही. खरा क्षयही असू शकतो, म्हणून सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करावं.

उपचारात क्लॅरिथ्रोमायसिन 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जोडीला कल्चरनुसार दुसरं औषध, बऱ्याचदा अमिकॅसिन. एकट्या गोळीवर भरवसा ठेवला तर जंतू निर्ढावतो. आजार खोल असेल तर किमान चार महिने. शिवाय गाठ आणि स्रावाची वाट मुळापासून कापून काढायची. नुसती चीर देऊन भागत नाही.

तरीही जखम परतते. रुग्णाला बरं वाटतं, तो मध्येच गोळ्या सोडतो. कधी वाटेचा तळ आतच राहिलेला असतो. अ‍ॅब्सेससचा डाव वेगळा : तिसऱ्या-चौथ्या दिवशी क्लॅरिथ्रोमायसिन चालतं असं दिसतं, प्लेट 14 दिवस ठेवली की प्रतिकार उघडा पडतो. त्यामुळे 14 दिवसांचा रिपोर्ट मागूनच घ्यावा.

आणि त्याच थिएटरचा दुसरा रुग्ण अशीच गाठ घेऊन आला, तर तो सेट त्याच दिवशी वापरातून काढायचा आणि खळबळण्याच्या पाण्याचा नमुना कल्चरला पाठवायचा.