सॅम्पल फ्लॅटच्या बाहेरची वसई

(पहिलं घर घेऊ पाहणाऱ्या तरुणांसमोर वसईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी मालाड-बोरिवली-दहिसरहून आलेत, असं आयोजक म्हणाले. तिकडे भाड्यानं राहायचं आणि स्वतःचं घर नायगाव ते विरारच्या पट्ट्यात शोधायचं, हा नेहमीचाच क्रम. माझी उभी नोकरी बँकेच्या गृहकर्ज विभागात झाली. कर्जाच्या कागदांवर सह्या करायला येणाऱ्या जोडप्यांना मी फॉर्मात नसलेला एक प्रश्न हमखास विचारायचो: या गावात याआधी किती वेळा आला होतात? उत्तर ठरलेलं. एकदा साइट बघायला, एकदा टोकन द्यायला. स्टेशनवर बिल्डरची गाडी न्यायला येते, सॅम्पल फ्लॅट दाखवते, वर चहा पाजून परत सोडते. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं आणि गाव बघायचं ते एसी गाडीच्या काचेतून!

तेव्हा माझी शिफारस अशी की टोकन देण्याआधी या तालुक्यात मनसोक्त भटका. हौस म्हणून भटकाच, तेवढ्यासाठीसुद्धा वसई पुरून उरते. पण इथे पायी फिरताना जे कळतं, ते माहितीपत्रकात छापत नाहीत.

सुरुवात नालासोपाऱ्यापासून करा. नालासोपारा म्हटलं की लोकांना आठवते ती गर्दी. पण स्टेशनच्या पश्चिमेला, रिक्षाच्या अंतरावर, सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप आहे. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. एकात एक ठेवलेले करंडक, भोवती बुद्धाच्या आठ छोट्या कांस्यमूर्ती. ते सगळं आज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी इथे सापडला आणि नवव्याचा 1956 मध्ये शेजारच्या भुईगावला. सम्राटानं आज्ञा कोरून घ्यावी एवढं हे बंदर मोठं होतं.

आता बंदर म्हणजे काय, तर जहाज आत येईल एवढं पाणी. ती खाडी गाळानं भरत गेली, मग खाजणं आली, मिठागरं आली, आणि त्यांच्या कडेनं आपली नगरं आणि पार्क उभे राहिले. पाण्याला मात्र जुनी वाट पाठ आहे. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, वसईच्या मिठागरांत माणसं अडकली. म्हणून स्तूप बघून झाला की थेट स्टेशन गाठू नका. तुम्ही घर बघताय त्या गल्लीत जा. तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याच्या खुणा बघा, दुकानदारांनी उंबरे किती उंच बांधलेत ते बघा. एका किराणा दुकानात तर मी तांदळाची पोती कमरेएवढ्या लोखंडी मांडणीवर ठेवलेली पाहिली आहेत. त्या दुकानदाराला पूररेषेबद्दल वेगळं विचारायची गरज पडत नाही.

पाणी खालून येतं तसं नळाला येतं का, हा पुढचा प्रश्न. वसईचं पाणी हे जुनं दुखणं. पूर्वी पश्चिमेच्या वाड्यांमधल्या गोड्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून नव्या इमारतींकडे जाऊ लागलं, विहिरी मचूळ होण्याची भीती उभी राहिली. त्या उपशाविरुद्ध आणि बेबंद बांधकामांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, तेच फादर. आज धरणांचं आणि सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं, तरी टँकर पुरते गेलेले नाहीत. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, आठवड्याला टँकर किती येतात. सेक्रेटरी आकडा कमी सांगतो, वॉचमन खरा सांगतो, कारण फाटक त्यालाच उघडावं लागतं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि मेंटेनन्स काही कर्जासारखा वीस वर्षांनी फिटत नाही.

आता कागद. इथे थोडा वेळ थांबणार आहे, कंटाळा आला तरी ऐका.

2024 च्या शेवटी आणि 2025 च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला उच्च न्यायालयाच्या आदेशानं 41 इमारती पाडल्या गेल्या. जागा होती सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित. तिथे माणसं वर्षानुवर्षं राहत होती. वीजबिल आणि घरपट्टीची पावती म्हणजे इमारत अधिकृत, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते. मग कोणी म्हणेल, आम्ही महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर बघून घेऊ. बघाच, नोंदणी नसेल तर पुढे जायचंच नाही. पण कल्याण-डोंबिवलीच्या 65 इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवलेली निघाली. म्हणून संकेतस्थळावरून सीसी, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, उतरवून घ्या आणि त्याचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. सातबारा काढा, त्यावर इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, जमीन बिनशेती झाली आहे का बघा. सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, बिल्डरच्या वकिलाचा नको, तुमच्या वकिलाचा हवा. तयार घर असेल तर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मागा. "ओसी येतेय" हे वाक्य मी बँकेत इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मी पेनाला टोपण लावायचो.

रेरा कायद्यातल्या दोन गोष्टी लक्षात राहू द्या. विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो स्वखर्चानं दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पहिल्या पावसात गळती लागली तर सोसायटीच्या ग्रुपवर भांडत बसू नका, बिल्डरला लेखी कळवा आणि पोच घ्या.

पैशांचं गणित झटकन सांगतो. समजा घर 40 लाखांचं. बँक 80 टक्के देईल, म्हणजे 32 लाख. आठ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क, सहा ते सात टक्क्यांच्या घरात, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. नोंदणी फी 30 हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी, ओसी मिळालेल्या घराला तो नाही. मुद्रांक आणि नोंदणीला एरवी बँक कर्ज देत नाही, हे लोकांना शेवटच्या आठवड्यात कळतं आणि मग सोनं मोडायची वेळ येते. ग्रिल, पंखे, सोसायटीचं डिपॉझिट धरून हातात बारा लाख असल्याशिवाय 40 लाखांच्या घराकडे बघू नये, असं माझं मत. 32 लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण 27,770 रुपये. एकूण परतफेड 66 लाखांच्या वर. पण दरवर्षी एक जादा हप्ता भरलात, तर कर्ज जवळपास साडेतीन वर्षं आधी संपतं, आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. बोनस आला की आधी बँकेत जा, गोव्याला नंतर. आणि खरं सांगू, वसईत राहायला आलात तर गोव्याची घाई फारशी उरत नाही.

कारण इथे किल्ला आहे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं त्यांनी किल्ल्याच्या आत अख्खं शहर वसवलं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ते घेतलं. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा पोर्तुगीजांकडून आली, तिच्यावर 1721 साल आहे. किल्ला रविवारी दुपारी बघू नका, तेव्हा तिथे लग्नाआधीच्या फोटोंची जत्रा असते. सकाळी सातला जा. छत गेलेल्या चर्चमध्ये ऊन तिरपं उतरतं, आणि थोडं पुढे किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो. संत गोन्सालो गार्सिया या वसईचे, जपानात नागासाकीला 1597 मध्ये हुतात्मा झाले. संतपद मिळालेले ते पहिले भारतीय.

निर्मळला कार्तिकातल्या यात्रेच्या वेळी जा. टेकडीवर शंकराचार्यांची समाधी मानतात ते देऊळ, पायथ्याशी तलाव, समोर चर्च, आणि यात्रेत सुकेळी. राजेळी केळं पिकवून, सोलून, उन्हात वाळवतात. रंग गडद मधासारखा, बाहेरून चिवट, आतून मऊ, खाताना दाताला चिकटणारी. पहिल्यांदा बघणारा नाक मुरडतो, कारण दिसायला ती काही देखणी नाही. एकदा खाल्ली की मात्र पुडकं घरी पोचत नाही. निर्मळ, आगाशी, गास, भुईगाव या पट्ट्यात सायकलवर फिरा. सामवेदी आणि वाडवळ बोली कानावर पडतील, दोन्ही मराठीच, पण पहिल्या दिवशी निम्मंही कळणार नाही. इथला भाजीपाला आणि फुलं पहाटेच्या गाडीनं दादरला जातात. तुम्ही दादरला घेतलेली मोगऱ्याची वेणी कदाचित तुमच्या भावी शेजाऱ्याच्या वाडीतली असेल.

अर्नाळ्याचा जलदुर्ग होडीनं गाठता येतो, भरती-ओहोटी विचारून निघा. आत गोड्या पाण्याची बांधीव विहीर आहे, चहूकडे खारं पाणी असताना. दरवाज्यावर हत्ती आणि वाघ कोरलेत. पावसाळ्यात होडीचा हट्ट धरू नका, त्या दिवसांत पूर्वेला तुंगारेश्वरला जा. ते अभयारण्य आहे, ओढे एकाएकी फुगतात, स्थानिक माणूस नको म्हणाला तर पाण्यात उतरायचं नाही.

मागून एक प्रश्न आलाय: स्टेशनजवळ जुन्या इमारतीतलं छोटं घर घ्यावं, की लांब नव्या टॉवरमधलं मोठं? जुन्या इमारतीत आधी बघा, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स. ते नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी घोडं अडतं. स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेल तर अहवाल मागा. हे दोन्ही ठीक असेल, तर मी जुनं आणि छोटं घेईन. लांबच्या टॉवरमध्ये राहून रात्री साडेनऊला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून बघा, ती जादा खोली किती महाग पडते ते कळेल. सकाळी सातला विरारहून आलेल्या गाडीत नालासोपाऱ्याला चढूनही बघा.

दुसरा प्रश्न, घर बघायला कोणत्या महिन्यात यावं. दोनदा या. मे महिन्याच्या शेवटी नळाची वेळ बघायला आणि जुलैमध्ये, मोठ्या भरतीच्या दिवशी पाऊस लागलेला असताना, रस्ता बघायला. बिल्डरचा माणूस म्हणेल, साहेब, दिवाळीत या, ऑफर असते.